खोबरं न खाणारा पाहुणा

आमच्या घरात किती विषं आहेत हे मला चौपन्नाव्या वर्षी, दोन हात आणि दोन गुडघ्यांवर चालताना कळलं. तोवर माझी समजूत अशी होती, की आमचं घर अगदी सुरक्षित आहे आणि त्यातला एकमेव धोका म्हणजे मी स्वयंपाकघरात शिरणं.

कारण झाली मुलगी. ती पुण्यात नोकरी करते आणि तिथल्या भाड्याच्या घरात तिने दोन फेरेट पाळलेत. फेरेट म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. मुंगसासारखं लांबुळकं अंग, मांजरासारखी मऊ लव, आणि चालताना पाठीची कमान करून उड्या मारायची खोड. एक मादी पांढरी, तिला आम्ही पांढरी म्हणायला लागलो. दुसरा नर, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, तो काळतोंड्या. मुलीने त्यांना ठेवलेली नावं वेगळी आहेत, पण ती उच्चारायला आमच्या जिभा वळत नाहीत.

कंपनीने तिला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. तिने फोन केला. "बाबा, त्यांना दुसऱ्या कुणाकडे ठेवायला माझं मन होत नाही. तुम्ही सांभाळाल?"

ही मुलगी लहानपणापासून माझ्याकडे काही मागत नाही. आईकडे मागते. माझ्या हातात दिलेली वस्तू परत मिळेलच असं नाही, हा आमच्या घराचा अनुभव आहे. म्हणून ती आपणहून माझ्याकडे काही सोपवतेय म्हटल्यावर मी इतका फुललो, की पलीकडचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून बसलो.

"हो म्हणू नका नुसतं," ती म्हणाली. "ही जनावरं कुठेही शिरतात, काहीही तोंडात धरतात. आधी घर तपासायचं. त्यांच्या उंचीवरून."

म्हणून एका रविवारी सकाळी मी व्हिडीओ कॉल लावून घरभर रांगायला सुरुवात केली. मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी बाहेरून कशी दिसते ते मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. स्वतःचं घर खालून कसं दिसतं ते मात्र पाहिलं नव्हतं.

"आणखी खाली, बाबा. हनुवटी लादीला टेकवा."

"हनुवटी टेकवली की पोट आड येता गो."

"पोट आत घ्या."

"हेच्या आत खंय घेव?"

आमची ही दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. पण हनुवटी टेकल्यावर जे दिसलं त्याने माझं हसू पळालं. फ्रिजच्या मागे झुरळांच्या खडूची रेघ. टेबलाखालच्या प्लगमध्ये डासांच्या औषधाची बाटली. मोरीपाशी झाकण सैल झालेलं फिनेल. ट्रंकेखाली घरंगळलेल्या डांबरगोळ्या. आणि कपाटाखाली माझ्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या, ज्या मी घेतल्या असं हिला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्या मी पटकन मुठीत घेतल्या, पण मोबाइलचा कॅमेरा माझ्यापेक्षा चपळ निघाला.

"आई, बघितलंस?" मुलगी पुण्याहून ओरडली.

एवढ्यात शेजारची काकी दारात आली. काकी म्हणजे आमच्या वाडीचं आकाशवाणी केंद्र. वय पंचाहत्तरीपुढे, आवाज पंचविशीतला. मला लादीवर पसरलेला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"काय रे झिला, नवस फेडतंस? लोटांगण घालूक देवळात जागा नाय गावली?"

त्या रविवारनंतर आमचं घर कमरेच्या वर राहायला गेलं. खाली होतं ते सगळं वर चढलं. सुपारीवर फवारायचं मोरचूद आणि कलमांवरचं औषध लोखंडी कपाटात कुलूपबंद झालं. ते औषध शीतपेयाच्या बाटलीत असतं, हे मुलीला कळू न देण्याची खबरदारी आम्ही दोघांनीही घेतली. मोरीच्या भोकाला जाळी बसली. आरामखुर्ची दुमडताना आत जनावर चेमटतं म्हणून ती माळ्यावर गेली, आणि माझी दुपारची झोप तिच्यासोबत गेली. धुण्याचं यंत्र लावण्याआधी आत हात घालून चाचपायचं, गादी गुंडाळण्याआधी थोपटून बघायचं, असे नियम झाले. उंदरांच्या औषधाचं न फोडलेलं खोकं मी जवळच्या कट्टा गावातल्या दुकानात परत नेऊन दिलं.

"कित्याक?" दुकानदाराने विचारलं. "उंदीर संपले?"

"नाय. पाहुणे येतत."

त्याने खोकं झटकन माझ्या हातातून काढून घेतलं.

"माका आता डाळ काढूक शिडी लागता," ही म्हणायची. "चेडवाच्या वेळी पण तुमी एवढा करूक नाय होतास."

ते खरं होतं. मुलगी रांगायची तेव्हा आमच्याकडे भाजी चिरायचा आडाळो सुद्धा मधोमध मांडलेला असायचा, धार वर करून. ती कशी वाढली याचं मला आता रांगताना नवल वाटलं.

मुलगी गाडी करून आली, पिंजरा ठेवला, आम्हाला शिकवलं. शिजवलेली कोंबडी, अंडं, आणि पुण्याहून आणलेला मांजराचा खाऊ. भात नाही, भाजी नाही, फळ नाही, कारण ही जनावरं निव्वळ मांसावर जगतात. ऊन सोसत नाही, म्हणून पाणी गोठवलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायच्या. आणि रबर दिसलं की तुकडे करून गिळतात, ते आतड्यात अडकतं, म्हणून चपला, कुकरची रिंग, सगळं उचलून ठेवायचं.

काकी बघायला आली ती हातात ओल्या खोबऱ्याची कातळी घेऊन. पाहुण्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं?

"ह्यो उंदीर काय मुंगूस?"

"दोन्ही नाय, काकी," मी म्हटलं. "मुंगसाचो लांबचो भाचो."

तिने खोबरं पुढे केलं. काळतोंड्याने नाक लावलं, दोन पावलं मागे सरकला आणि शिंकला. पांढरीने तर तोंडच फिरवलं.

"खोबरा खायत नाय?" काकीचा चेहरा पडला. माणसं मासे सोडतात, उपास करतात, ते तिला समजतं. पण खोबरं? "मगे हो मालवणात इलो कित्याक?"

"आजी, ते खातच नाहीत तसलं," मुलगी म्हणाली. काकीने ते मनावर घेतलं नाही. आज नाही खाल्लं, उद्या खाईल, असं म्हणून ती गेली.

मुलगी निघाली तेव्हा तिने पिंजऱ्यापाशी बसून दोघांना काहीतरी कानात सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमच्या भरवशावर." एवढंच. आईला नाही, मला.

त्यानंतरच्या आठवड्यात भातकापणी लागली. आमच्या वाडीची एक रीत आहे. भात घरात यायच्या आधी उंदरांचं औषध ठेवायचं, पण ते सगळ्यांनी एकाच दिवशी. एकाने ठेवलं आणि दुसऱ्याने नाही, तर उंदीर तेवढे दिवस शेजाऱ्याकडे पाहुणचाराला जातात आणि मग परत येतात. म्हणून कापणी सुरू झाली की वाडीत निरोप फिरतो आणि संध्याकाळी घरोघरी गोळे वळले जातात. आमच्याकडे गोळ्यात भाजलेलं खोबरं घालतात. जेवणात खोबरं, गोडात खोबरं, मग उंदरानेच काय पाप केलंय? काकीच्या हातचे गोळे तर इतके खरपूस असतात, की लहान मुलांना त्या दिवशी तिच्या पडवीत फिरकू देत नाहीत.

निरोप आला, आम्ही अर्थातच काही ठेवलं नाही. आपल्यापुरतं आपण बंद केलं, विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दोघांना मागच्या पडवीत मोकळं सोडलं होतं. ही आणि मी पुढच्या दारी चहा पीत होतो. काकी हसतमुखाने आली आणि पायरीवर बसली.

"काल तुमी इसारलात," ती म्हणाली. "मी म्हटलंय, जनावरांच्या गडबडीत ऱ्हवला आसतला. म्हणान मियाच ठेवलंय तुमचे गोळे."

माझा कप बशीत आपटला. "खंय?"

"दोन मांगरात आणि दोन मागच्या पडवीत. भाताच्या कणगीमागे. आता काळजी करू नको."

मागच्या पडवीत. ही आणि मी एकदमच धावलो. कणगीमागे केळीच्या पानाचा एक तुकडा होता. त्यावर काहीच नव्हतं. मांगराचं, म्हणजे गवत-अवजारांच्या खोपटाचं, दार बंदच होतं, तिथले दोन जागच्या जागी. पडवीतले गेले होते.

पांढरी कणगीशेजारच्या पाटीत झोपली होती, ती हाकेसरशी उठली. काळतोंड्या पोत्याखाली सापडला. हिने त्याला उचललं तर तो ओल्या पंच्यासारखा दोन्ही बाजूंनी लोंबला. मान टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, जिभेचं टोक बाहेर. हलवलं, हाक मारली, तोंडावर पाणी शिंपडलं. काही नाही.

"मेलो?" मी विचारलं.

"गप ऱ्हवा. गरम आसा अजून."

काकीला आता सगळं कळलं होतं. "माज्या हातान रे," एवढंच ती म्हणत राहिली. "माज्या हातान."

वाडीतली रिक्षा बोलावली. मी पुढे, मागे ही काळतोंड्याला टॉवेलात घेऊन, शेजारी काकी, तिच्या मांडीवर पांढरीचा पिंजरा. काकीला येऊ नको म्हटलं होतं. ती आधीच चढून बसली होती, आणि कमरेला खोचलेलं औषधाचं रिकामं पाकीट मला दाखवून म्हणाली, "डॉक्टर इचारतलो ना, कसला इख ता?" त्या गोंधळातही जे मला सुचायला हवं होतं ते तिला सुचलं होतं. मी फक्त रिक्षावाल्याला जोरात चालव म्हणत होतो आणि मनात मुलीला फोनवर काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळेना. भूगोलाच्या मास्तरला भाषेने अशा वेळी सोडून द्यावं, हे बरं नव्हे.

कट्ट्याला गुरांचा डॉक्टर आहे. आमच्यापुढे एक पान्हा न सोडणारी गाय आणि लंगडणारा बोकड होता. गायवाल्याने टॉवेलात डोकावून पाहिलं आणि आम्हाला पुढे सोडलं.

"काय आहे हे?" डॉक्टरने आयुष्यात फेरेट पाहिला नव्हता. पण हिरड्या सगळ्या जनावरांच्या सारख्याच असतात, असं म्हणत त्याने काळतोंड्याचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, आणि स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. काकीचे ओठ नुसते हलत होते.

आणि मग काळतोंड्याने जांभई दिली. अशी मोठी, की टाळूपर्यंतचे सगळे दात दिसले. अंग ताणलं, डोळे उघडले, समोर लोंबणारी रबराची नळी पाहिली आणि ती दातात धरून ओढायला लागला.

"अहो, हा मेला नाही," डॉक्टर नळी सोडवत म्हणाला. "हा झोपला होता."

ही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गायवाल्यानेही बाहेरून "बरा झाला" म्हटलं. पुढे मुलगी म्हणाली, की फेरेट मेल्यासारखेच झोपतात, सगळ्यांना ठाऊक असतं ते. सगळ्यांना म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही.

पण डॉक्टर हसत नव्हता. काकीच्या हातातलं पाकीट घेऊन त्याने बारीक अक्षरं वाचली. "ऐका. हे औषध लगेच दिसत नाही. हळूहळू रक्त गोठणं बंद करतं. दोन-तीन दिवस जनावर खेळतं, आणि मग एकदम पडतं. आज बरा दिसतोय म्हणजे सुटला असं नाही. गोळे शोधा. मिळाले तर प्रश्नच सुटला. नाही मिळाले तर उपचार लांबच लांब. तोवर त्याचा उतारा सुरू करतो." त्याने पुण्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून मात्रा विचारली आणि दोघांनाही टोचलं. काळतोंड्याने त्याचा अंगठा चावून निषेध नोंदवला.

गोळे पोटात की घरात, एवढाच प्रश्न होता, आणि घर आमचं लहान नाही.

घरी येताच हिने कणगी हलवली, पोती उपसली. काकी काठीने प्रत्येक कोपरा ढोसत होती. काही नाही. मी मधोमध उभा होतो, आणि मग मला माझं एकमेव कौशल्य आठवलं. लुंगीचा काचा मारला आणि हनुवटी लादीला टेकवली.

"आता कित्याक?" काकी म्हणाली.

"गप गो काकी. हो शिकलोहा," ही म्हणाली. तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकायला मला असं पालथं पडावं लागलं.

खालून पाहिलं तर पडवीतल्या जुन्या लाकडी बाकाखाली, पायाच्या मागे, भिंतीला एक फट होती. वरून ती दिसायची सोय नव्हती. मी हात घातला. आधी आली कुकरची रिंग, जिच्यासाठी आम्ही आठवडाभर डाळ पातेल्यात शिजवत होतो. मग हिच्या चपलेचा अंगठा, माझ्या चष्म्याचं कव्हर, काकीच्या पानाच्या डब्याचं झाकण.

"माजा झाकण!" काकी ओरडली. "मी शेजारच्या सुनेवर आळ घेतलंय रे!"

आणि त्याच्यामागे, केळीच्या पानाच्या चिंधीसकट, दोन गोळे.

काकीने ते कागदावर घेतले, उजेडात धरले, उलटसुलट केले. "माजो गोळो माका कळता," ती म्हणाली. "बघ. उचलताना दात लागलेहत, पण एक कण कमी नाय." मग ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. "खोबरा," ती म्हणाली. "झिला, मी खोबरा घातलंय म्हणान!"

आम्ही तिघंही पडवीच्या लादीवर बसून हसलो. साऱ्या मालवणात खोबऱ्याला नाक मुरडणारा हा एकच प्राणी, आणि तो आमच्याकडे. बांगड्याच्या तुकड्यात विष भरलं असतं तर? पण आमच्या वाडीत उंदराला बांगडा कोण घालेल? तो आपल्याला पुरत नाही.

गोळ्यांचे फोटो डॉक्टरला पाठवले. त्याने म्हटलं, नुसता दात लागण्यात फारसा धोका नाही, तरी औषध काही दिवस चालू ठेवा. ठेवलं. काळतोंड्याने प्रत्येक वेळी माझा अंगठा चावला, आणि मी ते मनापासून चावून घेतलं.

त्या संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं. मी बोलणी खायची तयारी करत होतो. मग तिने विचारलं, "तुम्ही रांगून शोधलंत?"

"हो."

"हनुवटी टेकवून?"

"टेकवून."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांना परत न्यायची घाई नाही मला."

खरी मोहीम मात्र काकीने काढली. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाला होता, की विष खाऊन धडपडणारा उंदीर फेरेटने धरला तरी तो मरेल. म्हणजे आम्ही एकट्याने बंद करून उपयोग नव्हता. काकी घरोघरी गेली. "ठेवायचा तर सगळ्यांनी, नाय तर कोणीच नाय," ती सांगत होती. "आपली रीतच ती. औंदा पिंजरे लावूया." कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "ता चेडू परदेशात आसा. तेच्या बापाच्या भरवशावर ठेवल्यान जनावर. तू हेका तोंड कसा दाखवतलंस?" माझ्या भरवशाची जाहिरात अशी वाडीभर होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. गोळे सगळ्यांनी उचलले, त्याच दिवशी. त्या वर्षी वाडीत पिंजऱ्यांचे खटके वाजत होते, आणि सकाळी माणसं पिंजऱ्यातले उंदीर लांब माळावर नेऊन सोडताना एकमेकांना भेटायची आणि तिथेच गजाली करत बसायची.

काकी आता रोज सकाळी येते. हातात वाटी असते. तिच्यात बिनमिठाची, बिनमसाल्याची, नुसती शिजवलेली कोंबडी. ती काळतोंड्याच्या पुढ्यात ठेवते, तो खाताना बघते आणि दर वेळी तेच म्हणते.

"बिनखोबऱ्याचा! माज्या हातान! लोकांका सांगू नको हां."

तो वाटी चाटून पुसतो आणि तिच्या चपलेकडे बघतो. ती चप्पल उचलून मांडीवर घेऊन बसते.